पहिल्यांदा एकटीनं जाताना: हत्तींचा निवारा की शेतकऱ्याचं घर?

सुट्टीत परदेशी जाऊन स्वयंसेवा करायची, तीही एकटीनं, तर मला दोन वाटा दिसतात. एक थायलंडमधलं एलिफंट नेचर पार्क, चियांग माई शहरापासून साधारण 60 किलोमीटरवर. दुसरी वूफ (WWOOF). 1971 साली इंग्लंडमध्ये सुरू झालेली ही व्यवस्था म्हणजे सेंद्रिय शेतावर दिवसाचे चार-सहा तास राबायचं आणि बदल्यात राहणं-जेवण मिळवायचं.

पार्कला आठवड्याचं शुल्क भरावं लागतं, वूफला फक्त वर्षाची वर्गणी.

खरा फरक रात्रीचा. पार्कात तुम्ही गटात असता. सकाळी फावड्यानं हत्तींची लीद उचलायची, त्यांच्यासाठी कलिंगडं धुवायची, संध्याकाळी सगळ्यांबरोबर शाकाहारी जेवण. काही बिनसलं तर बोलायला शेजारी कुणीतरी असतं. शेतावर मात्र तुम्ही अनोळखी घरात. माणसं भली निघाली तर तिथला जिव्हाळा गटात मिळत नाही. पण यजमानांची पोलीस-पडताळणी झालीच असेल असं धरून चालू नका. आधी एकट्या राहून गेलेल्या बायकांचे अभिप्राय शोधून वाचा. व्हिडिओ कॉलवर खोली दाखवायला सांगा. दाराला आतून कडी आहे का? बसथांबा पायी गाठता येतो का? टाळाटाळ झाली की ते नाव खोडा.

पहिल्या खेपेला मैत्रिणीला मी चियांग माईच सुचवेन. थायलंडच्या पर्यटक पोलिसांचा 1155 हा नंबर फोनमध्ये घालून ठेवा. आणि व्हिसाचं आधीच लेखी विचारून घ्या. विनावेतन कामालाही काही देशांत परवाना लागतो.