जुना नाण्याचा वजनकाटा दुरुस्तीला देताय? आधी आतल्या यंत्राचे फोटो काढा

स्टेशनवर नाणं टाकून वजन करायचे ते काटे, लुकलुकणारे दिवे, गरगरणारी चकती, मागे भविष्य छापलेलं तिकीट, आता लोकांना दिवाणखान्यात हवे झालेत. त्यामुळे 'मूळ रूपात करून देतो' म्हणणारेही उगवलेत. त्यातल्याच मुंबईच्या एकानं मला ३८,१०० रुपयांना बुडवलं. वडिलांच्या हॉटेलच्या दारात वर्षानुवर्षं उभा असलेला काटा होता हो तो!

आगाऊ १८,०००. मग 'स्प्रिंग गेलीय, बाहेरून मागवावी लागेल' म्हणून ७,५००. रंग आणि क्रोमचे ९,२००. शेवटी सांगलीपर्यंतच्या टेम्पोचे ३,४००. पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. काम कायम 'होतच आलंय सर'. एक रुपयाचंही बिल नाही. बिलाशिवाय दुसरा हप्ता देऊच नका.

टेम्पोच्या आधी त्यानं व्हिडिओ पाठवला. नाणं टाकलं, दिवे लागले, तिकीट पडलं. आणि ते नाणं नवा, छोटा रुपया होता! २२ मिलिमीटरचा, ३.७९ ग्रॅमचा. आमचा काटा १९९२ पासूनच्या मोठ्या रुपयावर लावलेला, २५ मिलिमीटर, ४.८५ ग्रॅम. नाण्याच्या वजनानं आतली पट्टी झुकली तरच खटका सुटायचा. २०११ मध्ये छोटा रुपया आला तेव्हा तो टाकला की खालून परत यायचा, गिऱ्हाइकं आमच्याशी भांडायची. हे मला माहीत असताना ते नाणं माझ्या डोळ्यांसमोर आत गेलं. तिकिटावर वजन काय, तर ७१.३५! आमचा काटा पूर्ण किलोच छापायचा. तिथेच सगळं उघड होतं. आजही तो व्हिडिओ बघवत नाही.

विचारलं नाही असं नाही. म्हणाला, "सर, खाच बदललीय, आता नवी नाणी पण चालतील." कुणालाही पटलं असतं. आणि तोवर ३४,७०० गेलेले, काटा त्याच्या ताब्यात. तेव्हा भांडलो असतो तर पत्र्याचा डबासुद्धा परत आला नसता.

काटा घरी आल्यावर त्याचं मागचं दार उघडलं. आत लोडसेल (वजन विजेवर मोजणारा सेन्सर), एक सर्किट बोर्ड आणि छोटा प्रिंटर. लिव्हर, स्प्रिंग, आकडे उमटवणारी पितळी चाकं, नाण्याची पट्टी, सगळं गायब. बाहेरून मात्र लाल रंग चकाचक.

त्यानंतरचा छळ वेगळाच. इथल्या, सांगलीच्या पोलीस ठाण्यात म्हणाले, "काका, माल मुंबईत दिलात, तिकडे जा." मुंबईत म्हणाले, पैसे सांगलीहून पाठवलेत, तिकडे नोंदवा. मग म्हणे हे दिवाणी आहे. विश्वासानं सोपवलेली वस्तू परस्पर लंपास करणं हे दिवाणी? भारतीय न्याय संहितेचं ३१६ कलम मग कशासाठी आहे? एका साहेबानं तर "भंगारासाठी एवढं?" असं तोंडावर विचारलं. बँकेनं सांगितलं, पैसे तुम्हीच स्वखुशीनं पाठवलेत. हद्दीचं कारण सांगून कुणी परत पाठवलं तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा गुन्हा. तो नोंदवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तरीही नाही घेतला तर तक्रार लेखी, पोस्टानं पोलीस अधीक्षकांकडे. ग्राहक आयोगाला दोन वर्षांची मुदत आहे, मी तिथे अर्ज केलाय.

वजनमापं दुरुस्त करणाऱ्याला परवाना लागतो. तो आधी मागा. "शोभेच्या वस्तूला कशाला?" असं ऐकलंत की काटा उचला आणि घरी आणा. शक्यतो कारागिरालाच घरी बोलवा. काढलेला प्रत्येक जुना भाग परत घ्या, गंजलेला असला तरी.

आमच्या मुख्य लिव्हरला मधोमध पितळेचा डाग दिलेला आहे आणि नाण्याच्या पट्टीचं एक टोक कानशीनं तिरकं घासलंय. असं यंत्र कुठे विकायला दिसलं तर विकणाऱ्याला काही न बोलता फोटो काढा आणि मला कळवा.