रिमोट डेस्कटॉप कनेक्शन: '३२ बिट' म्हणजे रंग बरोबर, असं नाही

विंडोजसोबत येणारं रिमोट डेस्कटॉप कनेक्शन, म्हणजे दूरचा संगणक आपल्या पडद्यावर चालवणारा प्रोग्रॅम, रोजच्या ऑफिसकामाला उत्तम आहे. वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही, आणि कमी वेगाच्या नेटवरही ते तग धरतं. रंगांच्या बाबतीत मात्र ते जे सांगतं त्यावर डोळे झाकून विसंबू नका. डिस्प्ले टॅबवर ३२ बिट निवडले, तरी त्यात रंगाचे बिट २४च असतात. उरलेल्या ८ बिटांनी रंग वाढत नाहीत. वाटेत रंग किती दाबला गेला, आपल्या समोरच्या मॉनिटरवर तो कसा उमटेल, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

बिटांचा घोळ असेल तर तो लगेच ओळखू येतो. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणारा करड्या रंगाचा पट्टा उघडा. पायऱ्या दिसल्या आणि त्यांत हिरवट-गुलाबी झाक असली, तर सेशन (चालू जोडणी) १६ बिटांवर असण्याची शक्यता आहे. तिथे लाल-निळ्याला ५-५ आणि हिरव्याला ६ बिट मिळतात, म्हणून करडा रंग तोल सोडतो. जोडणीची सेटिंग्ज असलेली, सेव्ह केलेली आरडीपी फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि 'सेशन बीपीपी'च्या ओळीत शेवटी ३२ आहे का ते बघा. तिथे ३२ असूनही पायऱ्या दिसत असतील, तर होस्टच्या, म्हणजे ज्याला जोडलात त्या दूरच्या संगणकाच्या, ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या प्रशासकीय सेटिंग्जमध्ये) रिमोट सेशन एन्व्हायर्नमेंटखालची 'लिमिट मॅक्सिमम कलर डेप्थ' तपासा. क्लायंट, म्हणजे आपल्या समोरचं मशीन, विंडोज ८ च्या आधीचं असेल तर दोन्हींपैकी कमी आकडा लागू होतो; विंडोज ८ किंवा त्यापुढच्या क्लायंटला ही मर्यादा लागत नाही, तिथे ३२ बिटच वापरले जातात. बदल केल्यावर नुसतं डिस्कनेक्ट करू नका. साइन आउट करून नव्याने जोडा.

खरी फसगत पुढे आहे. चित्र दाबून पाठवणाऱ्या एच.२६४ या कोडेकच्या ४:२:० पद्धतीत उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची जाते, रंगाची मात्र चार पिक्सेलांना मिळून एकच. निळ्यावर बारीक लाल अक्षरं फरकटलेली दिसतात ती यामुळे. आणि इथेच बहुतेक जण चुकीचा पुरावा गोळा करतात: सेशनच्या आत घेतलेला स्क्रीनशॉट होस्टवर, एन्कोडिंगच्या आधी तयार होतो, त्यामुळे तो नेहमी स्वच्छच निघतो. चाचणी अशी करा. सेशनमध्ये पेंट उघडून १ पिक्सेल रुंदीच्या लाल आणि निळ्या उभ्या रेघा आलटून पालटून काढा. स्मार्ट सायझिंग (खिडकीत मावेल असा चित्राचा आकार बदलणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर आकार बदलल्यामुळे आलेला धूसरपणा कोडेकच्या माथी मारला जाईल. चित्र टप्प्याटप्प्याने स्पष्ट होतं, म्हणून दोन-तीन सेकंद थांबा. मग स्क्रीनशॉट आपल्या समोरच्या मशीनवर घ्या आणि ८०० टक्के मोठा करून बघा. रेघा जांभळ्या झाल्या असतील तर रंग वाटेत गेला.

उपाय आहे: विंडोज १० किंवा सर्व्हर २०१६ पासूनच्या होस्टवर त्याच पॉलिसीगटात 'प्रायोरिटाइझ एच.२६४/एव्हीसी ४४४ ग्राफिक्स मोड' चालू करा; त्यात रंगाची माहितीही प्रत्येक पिक्सेलची जाते. क्लायंटही तितकाच नवा हवा. तो मोड खरंच लागू झाला का, ते इव्हेंट व्ह्यूअरमधल्या 'रिमोटडेस्कटॉपसर्व्हिसेस-आरडीपीकोअरटीएस' लॉगमधल्या १६२ क्रमांकाच्या नोंदीत दिसतं. इनिशियल प्रोफाइल २०४८ असेल तर ४४४ चालू आहे. बँडविड्थ जास्त लागते, आणि हार्डवेअर एन्कोडिंग नसेल तर प्रोसेसरवर भार येतो. एकाच सर्व्हरवर बरेच जण काम करत असतील तर हे सरसकट चालू करू नये.

जुन्या प्रोग्रॅमची तक्रार वेगळी. विंडोज ८ पासून डेस्कटॉप ३२ बिटांतच चालतो, त्यामुळे '२५६ रंग हवेत' म्हणून अडून बसणाऱ्या प्रोग्रॅमसाठी क्लायंटमधला आकडा कमी करून भागत नाही. होस्टवर त्या प्रोग्रॅमच्या प्रॉपर्टीजमध्ये, कंपॅटिबिलिटी टॅबवर 'रिड्यूस्ड कलर मोड' लावा.

राहिलं कलर प्रोफाइल, म्हणजे मॉनिटर रंग कसे दाखवतो याची नोंद, आणि याला सेटिंगमधून इलाज नाही. होस्टला तुमचा मॉनिटर दिसत नाही. त्याच्यासमोर एक आभासी पडदा असतो. तिथे तुमच्या मॉनिटरचं प्रोफाइल बसवलं, तर समोरच्या मशीनवरच्या कॅलिब्रेशनसोबत (मॉनिटरच्या रंगजुळवणीसोबत) दुरुस्ती दोनदा होऊन रंग आणखी बिघडण्याची भीती. होस्टवर एसआरजीबी हे सर्वसाधारण प्रमाणित प्रोफाइल ठेवा, मॉनिटरचं कॅलिब्रेशन समोरच्या मशीनवर करा. छपाईचा रंग ठरवायची वेळ आली की मूळ फाइल प्रोफाइलसह उतरवून घ्या आणि समोरच्या मशीनवरच, कलर मॅनेजमेंट असलेल्या प्रोग्रॅममध्ये उघडा.