बेरीचा ड्यूक की बर्गंडीचा?
भाचीला पॅरिसहून एकच दिवस मोकळा मिळतोय. फ्रान्समधली शाँतियी की दिजाँ, कुठल्या गावी जावं? दोन्हीकडे सख्ख्या भावांनी पोसलेली कला: शाँतियीत बेरीच्या ड्यूकनं, दिजाँत बर्गंडीच्या.

शाँतियी जवळ, रेल्वेने अर्धा तासही नाही. पण बेरीच्या ड्यूकचं हाताने रंगवलेलं प्रार्थनापुस्तक मूळ रूपात क्वचितच बाहेर काढतात. त्यातल्या दिनदर्शिकेच्या जानेवारीच्या पानावर मेजवानीच्या टेबलावर चढलेली कुत्री आहेत! १४१६ मध्ये ड्यूक आणि चित्रकार लिंबुर्ग बंधू सगळेच गेले, पुस्तक अर्धवट राहिलं.

धाकटा भाऊ फिलिप, म्हणजे बर्गंडीचा ड्यूक, याची मदार दगडी शिल्पांवर. दिजाँला दीड तास, पण संग्रहालय फुकट. त्याच्या थडग्याभोवती जेमतेम हातभर उंचीचे शोकमग्न पुतळे, एकेकाच्या झग्याची चुणी वेगळी. शिल्पकार स्लूटरच्या ‘मोझेसची विहीर’ या शिल्पावरचा क्रूस गेला, बायबलमधले संदेष्टे टिकले.

छापील प्रतिकृतीवर भागत असेल तर शाँतियी. अस्सल वस्तूसमोर उभं राहायचं असेल तर दिजाँ, पहाटेची गाडी धरून.