एसीपी शीटचं दुकान, जळगाव: फिटिंग एक नंबर, माल मात्र विचारून घ्या (३ स्टार)

आमच्या अपार्टमेंटच्या दर्शनी बाजूला एसीपी (दोन पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये भरावाचा थर असलेली शीट) लावून घेतली. दुकानाचं नाव टाकत नाही, हिशोब अजून मिटलेला नाही. फिटिंगची पोरं भारी आहेत, जळगावच्या मे महिन्यातल्या उन्हात झुल्यावर लटकून जॉइंट एकदम सरळ काढले, सिलिकॉन कुठं ओघळलं नाही.

गडबड मालाची. कोटेशनमध्ये नुसतं '४ एमएम एसीपी' लिहिलेलं, आतला कोअर म्हणजे मधला भराव कोणता विचारलं तर मालक म्हणे "काय भो, सगळे हेच लावतात". लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या राहत्या बिल्डिंगवर पण असलीच शीट होती, आधी झिंकचे पॅनेल ठरले होते, मग पैसे वाचवायला पॉलिएथिलीन कोअरवाली, म्हणजे आत जळणारं प्लास्टिक असलेली आली. आगीचा धोका आहे म्हणून रहिवासी आधीपासून ओरडत होते, कोण ऐकतंय. १४ जून २०१७ ला चौथ्या मजल्यावर एका फ्रिजपाशी आग लागली आणि बाहेरच्या शीटवरून चढत चढत २४ मजली बिल्डिंगभर गेली, ७२ माणसं गेली. वाचलेले लोक अन् नातेवाईक दर महिन्याच्या १४ तारखेला मूक मोर्चा काढत राहिले, तेव्हा कुठं २०१८ ला इंग्लंडमध्ये १८ मीटरवरच्या नवीन निवासी बिल्डिंगला जळणारं क्लॅडिंग (भिंतीवरचं बाहेरचं आवरण) लावायला बंदी आली. २०२४ ला या आगीच्या चौकशीच्या अध्यक्षांनी तर सरळ सांगितलं, सगळे मृत्यू टाळता आले असते.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे काढलं तर अर्धे म्हणे आपले कुठं २४ मजले आहेत. वरच्या मजल्यावरच्या काकू तेवढ्या बोलल्या, "लिफ्ट बंद पडली तर या गुडघ्यांनी मी उतरू कशी ते सांगा आधी." चेअरमन अप्पांनी तिथंच सही थांबवली.

दुकानदाराचं एक मानलं पाहिजे, त्याने स्वतः साध्या शीटचा अन् एफआर (फायर रिटार्डंट, सहज न पेटणाऱ्या) शीटचा तुकडा आणून सगळ्यांसमोर गॅस टॉर्च लावला. साध्यातून पेटते थेंब खाली पडायला लागले, एफआरवाला काळा पडला आणि टॉर्च काढल्यावर विझला. त्यानंतर रेटवर कोणी घासाघीस केली नाही, आमच्या सोसायटीत हे नवलच.

पण लुक एकसारखा दिसावा म्हणून जिन्याच्या जाळीवरही शीट ठोकत होते, अरे मग धूर जाईल कुठून? भांडून उघडी ठेवायला लावली. शीटमागची पोकळी आगीत चिमणीसारखी ओढते म्हणून दर मजल्याला आडवा न जळणारा अडसर टाका म्हटलं तर फिटरला ते माहीतच नव्हतं, मालकाने वेगळे पैसे लावून टाकून दिला.

आणि बिल! 'एफआर ग्रेड' हे शब्द अन् बॅच नंबर बिलावर लिहून घ्यायला चकरा माराव्या लागल्या, लॅबचा टेस्ट रिपोर्ट दिला तो भलत्याच ब्रँडचा निघाला. बरोबर रिपोर्ट हातात येईपर्यंत शेवटचा हप्ता द्यायचा नाही असा ठराव झालाय, मालकाचे फोन आता अप्पांना येतात.