कचरा भट्टीचा धूर: चुना, सोडा की ओला स्क्रबर?

युरोपात कचरा जाळून वीज किंवा उष्णता काढणाऱ्या प्रकल्पाला धूरवायू साफ करणारी यंत्रणा बसवायची किंवा बदलायची झाली, की आम्ल वायूंसाठी (मुख्यतः हायड्रोजन क्लोराइड आणि सल्फर डायऑक्साइड) चार पर्याय समोर येतात: कोरडा विरलेला चुना, कोरडा सोडियम बायकार्बोनेट (म्हणजे आपला खाण्याचा सोडाच, फक्त टनांच्या हिशेबात), चुन्याचे दूध फवारणारी अर्धकोरडी पद्धत आणि वायू पाण्याने धुणारा ओला स्क्रबर. पुरवठादार चारही मर्यादेत बसवून दाखवतात. खरा फरक दिसतो तो माल किती लागतो, मागे घातक अवशेष किती उरतो आणि कचऱ्यात अचानक क्लोरीन वाढले तर काय होते, या तीन ठिकाणी.

आधी मर्यादा. औद्योगिक उत्सर्जन निर्देश २०१०/७५/ईयू नुसार दैनिक सरासरी हायड्रोजन क्लोराइडसाठी १० मिलिग्रॅम आणि सल्फर डायऑक्साइडसाठी ५० मिलिग्रॅम प्रति घनमीटर होती. नोव्हेंबर २०१९ च्या निर्णयाने (२०१९/२०१०) ती पट्ट्यात बदलली: हायड्रोजन क्लोराइड २ पेक्षा कमी ते ६ (जुन्या प्रकल्पांना ८ पर्यंत), सल्फर डायऑक्साइड ५ ते ३० (जुन्यांना ४०), नायट्रोजन ऑक्साइड ५० ते १२० (जुन्यांना १५०, आणि हे ऑक्साइड मोडणारा उत्प्रेरक बसवणे शक्यच नसेल तर १८०). जुन्या प्रकल्पांची चार वर्षांची मुदत २०२३ च्या डिसेंबरात संपली. परवाना देणारे पूर्वी सहसा पट्ट्याचा सैल टोकाचा आकडा लिहून मोकळे व्हायचे. २०२४ च्या सुधारणेने (२०२४/१७८५) प्रकल्पाला साधेल तितका कडक आकडा धरायला सांगितले आहे. त्यामुळे आज ६ मिलिग्रॅमची हमी घेऊन यंत्रणा विकत घेणे म्हणजे पुढच्या परवान्याला पुन्हा खर्च ओढवून घेणे.

हे सगळे आकडे कोरड्या वायूत आणि ११ टक्के ऑक्सिजनवर मोजायचे असतात. धूरवायूत ८ टक्के ऑक्सिजन असताना ६ मिलिग्रॅम मोजले, तर हिशेबात (हवेतल्या २१ टक्क्यांतून ११ आणि ८ वजा करून) ते ६ × १० ÷ १३, म्हणजे ४.६ धरतात. तेच ६ मिलिग्रॅम १३ टक्के ऑक्सिजनला मोजले तर ७.५ होतात. गळक्या डक्टमधून हवा आत शिरली म्हणून आकडा कमी झाला, असे कागदावर होत नाही.

आता माल आणि अवशेष. एक टन मिश्र शहरी कचऱ्यामागे सुमारे ५,५०० घनमीटर धूरवायू धरू. त्यात हायड्रोजन क्लोराइड १,००० आणि सल्फर डायऑक्साइड ३०० मिलिग्रॅम. म्हणजे एका टनाला ५.५ किलो आणि १.६५ किलो. समीकरणातून निघालेला हिशेब असा (उडती राख आणि पारा धरणारा सक्रिय कोळसा वेगळे):

| पद्धत | गरजेच्या किती पट | माल, किलो | अवशेष, किलो |
|---|---|---|---|
| कोरडा चुना | २ | १५ | १९ |
| सोडा | १.२ | २०.५ | १४.५ |
| चुन्याचे दूध | १.५ | ११ | १५.५ |
| ओला स्क्रबर | जवळपास १ | ८ | बराचसा क्षार पाण्यात जातो |

तक्ता नीट वाचला तर पहिली फसगत टळते. सोडा वजनाने जास्त लागतो आणि महाग पडतो, तरी मागे कमी उरतो, कारण तापल्यावर त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि वाफ निघून जाते आणि जादा टाकावा लागणारा भागही थोडाच असतो. हा सगळा अवशेष घातक कचरा म्हणूनच नोंदवावा लागतो (युरोपीय कचरा-यादीतला क्रमांक १९ ०१ ०७). त्याच्या विल्हेवाटीचा टनामागचा दर चढला, की स्वस्त चुना महागात पडतो. मात्र सोड्याचे क्षार जवळजवळ पूर्ण विरघळणारे असतात. अवशेष स्वीकारणारी जागा पाझर-चाचणीत (पाण्यात किती क्षार उतरतात ते पाहणारी) काय मागते ते आधी विचारून घ्या.

सोड्याची गंमत त्याच्या कणात आहे. १४० अंशांच्या वर तो फुटतो, आतून वायू निघताना कण लाहीसारखा सच्छिद्र होतो आणि वायूला भरपूर पृष्ठभाग मिळतो. पण त्यासाठी तो बारीक दळलेला हवा, बहुतांश कण ३० मायक्रॉनच्या खाली. दळून साठवला तर गोळे होतात, म्हणून दळणयंत्र डक्टशेजारीच ठेवतात आणि दळल्या दळल्या फुंकतात. दळणयंत्र एक आणि भट्टी अखंड चालणारी, अशी रचना कुणी देऊ केली तर नाकारा. दुसरे यंत्र तयार हवेच.

कोरड्या चुन्याला उलट थंड आणि दमट वायू मानवतो, साधारण १३० ते १५० अंश. त्यात धोका कॅल्शियम क्लोराइडचा. तो हवेतले पाणी ओढतो, आणि कापडी पिशव्यांतून वायू गाळणारा बॅग फिल्टर १२० अंशांच्या आसपास उतरला की पिशवीवरचा थर चिकट होतो. दाबातला फरक चढत जातो, हवेचे झटके मारूनही थर पडत नाही, आणि शेवटी पिशव्या बदलाव्या लागतात. हे बहुधा चालू प्रकल्पात घडत नाही. बंद करताना किंवा गार फिल्टरवर सुरू करताना घडते. फिल्टरखाली अवशेष गोळा करणाऱ्या हॉपरचे हीटर आणि फिल्टर आधी तापवण्याची सोय यांवर काटकसर करणारी निविदा ओळखायची ती इथेच.

अर्धकोरडी पद्धत मधली वाटते, पण देखभाल जास्त मागते. कळीचा चुना विरवणे, दूध ढवळत ठेवणे, अती वेगाने फिरणारे फवारणी-चाक, भिंतींवर चढणारे थर. तोंड तुंबले की मर्यादा ओलांडायला फार वेळ लागत नाही. निर्देशाप्रमाणे मर्यादा मोडून सलग ४ तासांपेक्षा जास्त जाळता येत नाही, आणि वर्षाची बेरीज ६० तासांच्या पुढे जाऊ शकत नाही. कुशल देखभाल-हात कायम हाताशी असतील तरच घ्यावी.

ओला स्क्रबर रसायन सर्वांत कमी खातो आणि क्लोरीनच्या उसळीला सर्वांत कमी घाबरतो. पहिला टप्पा आम्लच राहू देतात, सामू १ च्या खाली. तिथे हायड्रोजन क्लोराइड आणि पाऱ्याचे क्षार विरघळतात. दुसऱ्या टप्प्यात सामू ६ ते ७ ठेवून सल्फर डायऑक्साइड धरतात. दुखणी दोन. सांडपाणी: जड धातू काढण्याचे वेगळे संयंत्र लागते. आणि पारा: विरघळलेला पारा सल्फाइटमुळे पुन्हा धातुरूप होऊन चिमणीकडे निसटतो, म्हणून गंधकयुक्त बंधक मिसळावा लागतो. पाऱ्याचा पट्टाही आता ५ पेक्षा कमी ते २० मायक्रोग्रॅम आहे. शिवाय वायू ६० ते ६५ अंशांवर बाहेर पडतो. पुढे उत्प्रेरक असेल तर तो पुन्हा दोनशेच्या वर तापवण्याची ऊर्जा मोजा.

सोड्याचे पारडे जड होते ते याच ठिकाणी. फिल्टर १८०–२०० अंशांवर चालवला तर उत्प्रेरकासाठी फारसे तापवावे लागत नाही. पण इतक्या तापमानाला सक्रिय कोळसा पारा कमी धरतो. कचऱ्यात पारा सातत्याने येत असेल तर हे गणित बिघडते. ही गोष्ट विक्रेता आपणहून क्वचितच सांगतो.

आणि फाटकाशी काय येते ते. पीव्हीसीत वजनाने ५७ टक्के क्लोरीन असते. १०० किलो पीव्हीसी जाळल्यास ५८ किलो हायड्रोजन क्लोराइड निघतो, म्हणजे वरच्या हिशेबाने दहा टन साध्या कचऱ्याइतका. तासाला १० टन जाळणाऱ्या भट्टीत तो अर्ध्या तासात गेला, तर धूरवायूत २,१०० मिलिग्रॅमची भर पडते. अर्ध्या तासाची मर्यादा ६० आहे. फिल्टरनंतरच्या मापकावर विसंबून चुना वाढवणारी यंत्रणा तोवर उशीर करते. मापक फिल्टरच्या आधीही हवा, आणि बंकरमध्ये क्रेनने कचरा खालीवर करणारा चालक तर हवाच.

शहरी कचरा, मध्यम आकार, उत्प्रेरक लागणारच आणि पारा कमी: सोडा. अवशेष जवळच स्वस्तात जातो आणि परवाना सैल आहे: कोरडा चुना, पण फिल्टरमधला अवशेष परत फिरवण्याची सोय घेऊन. औद्योगिक किंवा घातक कचरा, जिथे क्लोरीन वरखाली होते: ओला स्क्रबर, सांडपाण्याचा खर्च धरूनच. करारात हमी सरासरीवर घेऊ नका. कच्च्या वायूत किती मिलिग्रॅमची उसळी, किती मिनिटे, आणि त्या काळात टनामागे किती माल व किती अवशेष, हे चारही आकडे लिहून घ्या.