तळघराच्या ओल्या भिंतीसाठी क्रिस्टलाइन पावडर: माल चांगला, पण उघड्या काँक्रीटवरच

पोत्यावर 'ओल्या भिंतीवर चालते' असं छापलेलं असतं, ते खरंच आहे. फसगत होते ती 'भिंत' या शब्दात. सिमेंट, बारीक वाळू आणि क्रियाशील रसायनं असं हे मिश्रण. काँक्रीटमधल्या ओलाव्यातून ही रसायनं छिद्रांत शिरतात, तिथल्या चुन्याशी संयोग पावतात आणि न विरघळणारे स्फटिक बनून वाट बुजवतात. म्हणून जुना रंग, पुट्टी किंवा जिप्समचा गिलावा ठेवून त्यावर हात मारला, तर पोपड्यांसकट सगळं खाली येणार. विटांच्या भिंतीलाही हा माल घेऊ नये.

आतून लावण्यासाठी मात्र ॲक्रिलिक कोटिंगपेक्षा हाच बरा. कोटिंगला पाणी मागून ढकलतं आणि फुगे येतात. इथे ढकलायला पापुद्राच नसतो.

घ्यायच्या आधी एक चाचणी करा. 45 सेंमीचा चौकोनी प्लास्टिक कागद चारही कडांना टेप लावून भिंतीवर बंद करा आणि एक दिवस ठेवा. कागदामागे ओल आली तर पाणी भिंतीतून येतंय. थेंब पुढच्या बाजूला असतील तर ते हवेतलं बाष्प. त्याला ही पावडर काय करणार?

खरी मेहनत तयारीत आहे. लोणा कोरड्या तारेच्या ब्रशने काढा, काँक्रीट ओतताना साच्याला (सेंटरिंगला) लावलेल्या तेलाचा गुळगुळीत थर ग्राइंडरने खरवडा. पाण्याचा थेंब टाकून बघा: मण्यासारखा थांबला तर अजून घासा, शोषला गेला तर भिंत तयार. सुमारे 0.4 मिमीपर्यंतची केसासारखी भेग स्फटिक स्वतःच भरतात. त्याहून रुंद भेग 20-25 मिमी रुंद आणि तेवढीच खोल, चौकोनी कोरून मसाल्याने भरा. व्ही आकाराची खाच नको, त्यातला मसाला पाण्याच्या दाबाने सुटून येतो. धार लागली असेल तर हायड्रॉलिक प्लग, म्हणजे झटपट आवळणारं सिमेंट, वापरा. हातमोज्यात गोळा धरायचा, गरम लागायला लागला की खाचेत दाबून तीनेक मिनिटं तसाच ठेवायचा. उघडझाप होणाऱ्या भेगेला यातलं काहीच पुरत नाही, तिथे पीयू (पॉलियुरेथेन) रेझिनचं इंजेक्शन. भिंत आणि जमिनीच्या सांध्यात वाटा, म्हणजे मसाल्याची तिरकी गोलाई, मारायला विसरू नका. बरंचसं पाणी तिथूनच येतं.

ब्रशने लावायला 5 मापं पावडर, 2 मापं पाणी. वीस मिनिटांत संपेल एवढंच कालवा. आवळायला लागलं की परत पाणी घालू नका. एका हाताला चौरस मीटरमागे 0.8 किलो, म्हणजे 10 चौरस मीटरला दोन हातांचे 16 किलो. भिंत भिजलेली हवी, पण चकाकणारं पाणी नको. राठ ब्रशने चोळून लावा, रोलरने नुसतं वर बसतं. दुसरा हात पहिला आवळल्यावर, पण तो वाळायच्या आत.

यानंतर दोन-तीन दिवस रोज तीनदा हलका फवारा. बहुतेकांचं काम इथेच बिघडतं: लवकर वाळावं म्हणून पंखा लावतात आणि मग बोट फिरवलं की पांढरी भुकटी हाताला येते. तो थर काढून पुन्हा लावण्यावाचून इलाज नाही.

अस्तरासाठी लाकडी पट्ट्या आणि साधा जिप्सम बोर्ड टाळा. मागे राहिलेल्या दमटपणात बुरशी धरते. 25 ते 50 मिमीचा एक्सपीएस (एक्सट्रूडेड पॉलिस्टायरीन) फोम भिंतीला सलग चिकटवा, सांधे टेपने बंद करा. त्यापुढे गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची चौकट उभी करा, ती जमीन आणि छताला ठोका. भिंतीत स्क्रू गेला की बुजवलेलं भोक परत उघडलं. वर सिमेंट बोर्ड, जमिनीपासून 10-12 मिमी उचलून. आणि एखादा जोरदार पाऊस होऊन भिंत कोरडी राहिलेली दिसल्याशिवाय फोम लावायची घाई नको.