डक्ट टेप: हवेची नळी सोडून सगळीकडे चालणारी

नवा रोल घेतला की मी आधी टोक फाडून कडेचे धागे बघतो. धागे दाट असतील तर टेप कामाची. विरळ असतील तर ती वरून कितीही चकचकीत असो, वळणावर सुरकुतते आणि फाडायला गेलं की तिरकी जाते. सध्या वापरात आहे तो रोल राखाडी, ४८ मिलिमीटर रुंद आणि दाट विणीचा. मी त्याच्यावर खूश आहे, पण त्याच्याकडून अपेक्षा बेताच्याच ठेवतो.

या टेपचे थर तीन. वर पॉलिथिलीन, म्हणून पाणी आत शिरत नाही. मध्ये सुताची जाळी, जिच्यामुळे ताकद येते आणि तरीही टेप कात्रीशिवाय सरळ फाटते. खाली रबरी गोंदाचा मऊ, जाड थर. पारदर्शक चिकटपट्टी खरखरीत लाकडावर नुसती टेकते, ही खाचाखोचांत रुतून बसते.

हाताने उघडता येणारी, पाण्याला दाद न देणारी पट्टी हवी होती ती युद्धात. १९४३ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात व्हेस्टा स्टाउट नावाच्या बाई दारूगोळ्याच्या कारखान्यात काडतुसांची खोकी तपासत आणि बांधत. खोक्यांना कागदी पट्टी लावून वरून मेण चढवायचे आणि ओढून उघडण्यासाठी पट्टीचं टोक बाहेर ठेवायचे. ओढलं की ते कागदी टोकच हातात यायचं आणि खोकं बंदच राहायचं. बाईंची दोन मुलं नौदलात होती, त्यामुळे गोळीबारात खोकं उघडत बसलेला सैनिक त्यांच्या डोळ्यांपुढे असणारच. कापडी पट्टी वापरा, असं त्यांनी वरिष्ठांना सुचवलं. तिथे काही हललं नाही, तेव्हा १० फेब्रुवारीला त्यांनी थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र लिहिलं, सोबत आकृतीही काढून दिली. सूचना मान्य झाली आणि पट्टी बनवण्याचं काम जॉन्सन अँड जॉन्सनकडे गेलं. ती पट्टी लष्करी हिरव्या रंगाची होती. चंदेरी रंग युद्धानंतर आला, घरांतल्या हवेच्या पत्र्याच्या नळ्यांना, म्हणजे डक्टना, शोभावा म्हणून.

आणि नेमकी त्या नळ्यांवरच ही टेप टिकत नाही! १९९८ साली अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत मॅक्स शर्मन आणि इयान वॉकर यांनी सांधे बंद करायच्या निरनिराळ्या वस्तू गरम-थंड हवेवर तपासल्या. दगा दिला तो या कापडी टेपने. उष्णतेने रबरी गोंद सुकतो आणि पकड सुटते. नळीसाठी अॅल्युमिनियमची फॉइल टेप घ्या.

घरात मात्र हिला तोड नाही. व्हॅक्यूम क्लीनरच्या पाइपला चीर गेली की थोडी ओढून, अर्धी रुंदी एकमेकीवर येईल अशी गुंडाळायची. मी केलेली अशी दुरुस्ती अजून टिकून आहे. रेनकोट किंवा तंबू फाटला तर दोन्ही बाजूंनी ठिगळ लावायचं, पण ठिगळाचे कोपरे कात्रीने गोल करून. टोकदार कोपरा आधी उचकटतो, मग धूळ शिरते आणि अख्खं ठिगळ निघतं. दोरीचं उसवलेलं टोक, खोक्याच्या झाकणाची बिजागरी, झाडूच्या दांड्याची पकड, सगळं जमतं. फुटलेल्या काचेचे बारीक कण गोंदाची बाजू दाबून उचलता येतात.

धूळ हा या टेपचा खरा शत्रू, मग काम घरातलं असो की चंद्रावरचं. अपोलो १३ ची गोष्ट सगळे सांगतात: यानातली हवा शुद्ध करणारे चौकोनी डबे गोल जोडणीला बसवताना ही टेप कामी आली आणि अंतराळवीरांचा श्वास चालू राहिला. मला अपोलो १७ जास्त पटतं. डिसेंबर १९७२ मध्ये अंतराळवीर जीन सर्नन यांच्याकडून चंद्रावरच्या गाडीचा मडगार्ड तुटला. त्यांनी टेपने तो जोडला, पण धुळीवर गोंद काय धरणार? गाडी चालता चालता तुकडा निखळला. शेवटी यानात बसून चार नकाशे टेपने एकमेकांना जोडले आणि ते मडगार्ड म्हणून चिमट्यांनी गाडीला अडकवले. तेव्हा आधी पुसा, सुकवा, मगच चिकटवा.

नळाच्या दाबाखाली असलेल्या पाइपवर ही लावणं व्यर्थ. विजेच्या वायरवर तर नकोच, तिथे पीव्हीसी इन्सुलेशन टेपच हवी. रंगवलेल्या भिंतीवरून काढताना रंग सोबत येतो. जुन्या पुस्तकाचा कणा हिने जोडू नये. गोंद कागदात मुरतो आणि पुढे कुणालाच ते पुस्तक नीट बांधता येत नाही.

डाग हा माझ्या लेखी सगळ्यात मोठा दोष. काही महिन्यांनी टेप सोलली की चिकट काळपट थर मागे राहतो. हेअर ड्रायरने ऊब द्या, खाण्याचं तेल चोळा, जरा वेळ थांबून साबणाने धुवा. प्लास्टिक असेल तर आधी कोपऱ्यात करून बघा. डाग चालणारच नसेल तर नाटकवाल्यांची गॅफर टेप घ्या. महाग पडते, पण काढताना त्रास देत नाही. माझ्या खणात दोन्ही असतात. वारंवार संपते ती राखाडी.